दुसरी लव्हडे

मुलगी दोन महिन्यांची होत आली तरी तिला नाव नव्हतं. म्हणजे कागदावर नव्हतं. घरात जो तो तिला ‘लव्हडे’ म्हणून मोकळा होत होता आणि दर वेळी तिची आई मेरिन दचकत होती. कारण लव्हडे ही तिची पहिली मुलगी. दोन वर्षांपूर्वी जन्मली, आठवडाभरही राहिली नाही, आणि मूंटा या खाणींच्या गावाच्या दफनभूमीत कुंपणालगत जाऊन निजली.

“नाव वाया घालवायचं नसतं, बाय,” थर्झा आत्या म्हणायच्या. त्या मेरिनच्या नवऱ्याच्या, गार्थच्या, आत्या. चौऱ्याऐंशीच्या, पण जीभ पंचविशीतली. “साता समुद्रापलीकडच्या कॉर्नवॉलहून आलेले आपण खाणीतले लोक. तिथे एक पोर गेलं की त्याचं नाव पुढच्याला द्यायचे. रोज नवीन नावं आणायची कुठून?”

“आत्या, तुम्ही जॅमच्या रिकाम्या बाटल्यासुद्धा टाकत नाही,” गार्थ म्हणाला. “नाव कसलं टाकताय!”

“तू गप्प बस. माझी आजी लव्हडे सहा वर्षांची असताना जहाजातून इथे आली नि सत्याऐंशीची होऊन गेली. असं दणकट नाव दुसरं दाखव.”

खरं सांगायचं तर मेरिनलाही ते हवंच होतं. ते नाव पुन्हा मोठ्यानं हाकारायला मिळणार, घराबाहेर, दुकानात, शाळेच्या फाटकाशी. आणि बाळ? ते कितीही टाहो फोडत असो, ‘लव्हडे’ म्हटलं की चट्कन गप्प व्हायचं आणि डोळे वळवून बघायचं. जुनी ओळख असल्यासारखं. त्या बघण्याचीच तिला धास्ती वाटे.

शुक्रवारपर्यंत जन्मनोंदणी करायलाच हवी होती. मनाचा हिय्या व्हावा म्हणून तिनं ठरवलं, ही दणकट पणजी एकदा नीट बघून घेऊ. बाळाला पाजता पाजता, एका हातानं फोनवर, ती जुन्या नोंदी शोधू लागली.

कॉर्नवॉलची १८७१ची जनगणना पहिल्याच झटक्यात मिळाली. बाप जेम्स पास्को, तांब्याच्या खाणीत कामाला. आई ग्रेस. मुलगी लव्हडे, वय पाच. मेरिनला भरून आलं. कुणीतरी दारात उभं राहून विचारलं असेल, ‘घरात कोण कोण?’ आणि आईनं लेकीचं नाव सांगितलं असेल.

मग तिनं मूंटाची दफननोंद उघडली आणि बाळाच्या पाठीवर थोपटणारा हात थांबला. १८७३, विषमज्वराचं वर्ष. लव्हडे पास्को, वय सात, जेम्स आणि ग्रेसची मुलगी.

त्याच्या पुढल्याच वर्षीची जन्मनोंद होती. तेच आईबाप, मुलगी. नाव लव्हडे.

बुधवारी ती बाळाला घेऊन जुन्या शाळेच्या त्या खोलीत गेली, जिथे गावातले म्हातारे वंशावळी शोधून देतात. थर्झा आत्या तिथे दर बुधवारी बसत. समोर अर्धी पेस्टी, ती बटाट्या-मांसाची मोठी करंजी, नि गार झालेला चहा.

“दोन होत्या, आत्या. तुम्ही त्यांची एक केलीत.”

आत्यांनी चष्मा लावला. “ही मरणाची नोंद मी पाहिली होती गं. वाटलं, दुसऱ्या कुणा पास्कोचं असेल. त्या वेळी इथे दगड मारला तर पास्कोलाच लागायचा. आणि आजीचं बाकी सगळं जुळत होतं की!”

“तेच तर. बघा ना. १८९५च्या लग्नात वय लिहिलंय एकोणतीस. दुसरी तेव्हा एकवीसची हवी. मग ती नवऱ्याबरोबर काही वर्षं कॉर्नवॉलला होती, तिथल्या १९०१च्या जनगणनेत जन्मगाव कॅम्बोर्न, तेही तिकडचंच. दुसरी तर इथे मूंटात जन्मली. मरताना वय सत्याऐंशी. सगळीकडे पहिलीचंच.”

“बायका वय चोरतात, बाय.”

“कमी करायला चोरतात, आत्या. वाढवायला कोण चोरतं?”

आत्या हसल्या नाहीत. त्यांनी पेस्टी कागदात गुंडाळली, पुन्हा उघडली, पुन्हा गुंडाळली.

“ती आम्हाला जहाजाच्या गोष्टी सांगायची,” त्या हळूच म्हणाल्या. “लाकडाला डांबराचा वास कसा यायचा. एका खलाशानं तिला साखरेचा खडा दिला, तो आईपासून लपवून तिनं कसा चोखला.”

“आईनं सांगितलं असेल तिला.”

“जे आईपासून लपवलं, ते?”

बाहेर गलाह पोपटांचा थवा ओरडत गेला.

“शेवटी शेवटी ती दिवा मालवू द्यायची नाही,” आत्या म्हणाल्या. “मी तेरा-चौदाची असेन. म्हणायची, ‘थर्झा, अंधारात पडून राहणं मला माहीत आहे. वरून आई हाक मारत होती गं. दर रविवारी. कुणीतरी ओ द्यायला नको का?’ मला वाटायचं, म्हातारी बरळतेय.”

मेरिननं बाळाला छातीशी घट्ट धरलं. “मग जी दुसरी जन्मली, ती कुठे गेली, आत्या? तिची जन्मनोंद आहे. त्यानंतर ती कुठेच नाही. ना लग्नात, ना जनगणनेत, ना मातीत.”

आत्यांनी पेन्सिल घेतली, भिंतीवरच्या वंशावळीपाशी गेल्या आणि आजीच्या चौकटीशेजारी दुसरी चौकट काढली. तिच्यात काय लिहावं, ते मात्र त्यांना कळेना.

घरी येऊन मेरिननं फॉर्म उघडला. लव्हडे लिहायचा अवकाश, की पहिली परत येईल. चालेल, बोलेल, सत्याऐंशीची होईल. कुशीतलं बाळ झोपेत ओठ चाळवत होतं. याच ओठांवर उद्या कुणाच्या आठवणी येतील? आणि हिच्या स्वतःच्या आठवणी कुठल्या अंधारात पडून राहतील, कुणी हाक मारेल म्हणून वाट बघत?

तिनं लिहिलं, सेनारा. घराण्यात कुणाचंच नसलेलं नाव. लिहिताना ती हमसून हमसून रडली, जणू पहिलीला दुसऱ्यांदा पुरत होती.

रविवारी ती दफनभूमीत गेली. वारा नव्हता. कोरडं गवत, तांबडी माती. लहानशा दगडापाशी ती सेनाराला मांडीवर घेऊन बसली. गेल्या दोन वर्षांत इथे येऊन ती नुसती रडली होती. नाव कधी घेतलंच नव्हतं, जीभ उचलायची नाही. नाव घेतलं जायचं ते फक्त घरात, आणि तेही या मुलीला उद्देशून.

“लव्हडे,” तिनं दगडाला हाक मारली. “लव्हडे, बाळा, आई आलीय. हे नाव तुझंच आहे हं. कुणाला दिलेलं नाही.”

मांडीवरच्या सेनारानं डोळे वळवले. रोज वळवायची तसे हाक मारणाऱ्या आईकडे नव्हे, तर दगडाच्या दिशेनं, दगडाच्या किंचित वर. हाक दुसऱ्या कुणाला असली, की ओ कोण देतंय ते आपण बघतो ना, तशी ती बघत राहिली.

आणि मग, तिथून कुणीतरी ओ दिल्यावर हसावं तशी, हसली.