ओढ्याचा धडा

"बाई, लेखाचं खालचं काढाले सांगतलं," छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा हबीब मान वर न करता म्हणाला.

"काऊन?" जनकाबाईंनी विचारले.

"जायरात आली. रामरावशेटच्या तेलगिरणीची. मी तं तुमचं सारं जुळवून ठेवलं होतं. आता सोडावं लागते." त्याने जुळवलेल्या ओळी मोडल्या आणि शिशाचा एकेक खिळा परत आपापल्या घरात टाकायला सुरुवात केली. गेले चार रविवार जनकाबाईंनी चुलीपाशी बसून जे लिहिले, ते असे टिकटिक आवाज करत लाकडी खोक्यात परत गेले.

त्या काळी आमच्या कसब्यात 'पूर्णाकाठ' नावाचे साप्ताहिक निघत असे. शेगावच्या स्टेशनावर आणि जळगाव जामोदच्या एसटी स्टँडवर त्याचे अंक विकले जात. महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षे झाली होती, आणि पर्यावरण हा शब्द अजून कुणाच्या तोंडी नव्हता. जनकाबाई शाळेत चौथीचा वर्ग घेत आणि साप्ताहिकात पाखरांवर, झाडांवर, पाण्यावर लिहीत. लोक त्यांना 'पाखरंवाल्या बाई' म्हणत. वाण्याच्या दुकानात कुणी ना कुणी विचारायचेच, "काय हो बाई, या खेपेले कोणतं पाखरू?"

संपादक भगवंतराव आतल्या टेबलाशी पान लावत बसले होते. जनकाबाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"बसा बाई. चहा सांगू?"

"खालचा भाग काढला तं लेख राह्यला कुठं? वर ओढा कसा होता ते हाय. खाली गिरणीच्या मोरीनं त्याचं काय झालं ते हाय."

"तुमच्या लेखणीत मध हाय बाई. काहाले त्याच्यात गिरणीचं कास्टिक कालवता? लोकाईले पाखरं पायजेत."

"पाखरं मरून राह्यली, भगवंतराव."

"मंग मरते ते लिहा ना. कोण मारते ते काहाले लिहिता?" ते स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन हसले.

लेख छापून आला. वर 'आमचा ओढा', खाली सरकीच्या तेलाचा डबा आणि त्यावर हसणारी बाई. सगळ्यांनी वाहवा केली.

पुढे आठ-नऊ वर्षे हेच चालले. जनकाबाईंनी एकदा गिरणीची मोरी लेखाच्या सुरुवातीलाच घातली, तर लेख अख्खाच परत आला. एकदा बगळ्याच्या वर्णनात हळूच तिचा उल्लेख मिसळला. भगवंतरावांनी बगळा ठेवला आणि मोरी तेवढी वेचून काढली, तांदळातला खडा काढावा तशी. नागपूरच्या दैनिकाकडे पाठवले तर उत्तर आले, हा स्थानिक प्रश्न आहे. एकदा तरी पुरा लेख छापला जावा, एवढेच त्यांना हवे होते. त्या आशेवर त्या पाखरे लिहीत राहिल्या, आणि त्यांचे नाव होत गेले.

नाव झाले त्याचे फळही याच काळात मिळाले. एका प्रकाशकाने चौथीच्या पुरवणी वाचनाच्या पुस्तकात 'आमचा ओढा' घेतला. छापला होता तेवढाच. जनकाबाईंनी उरलेला भाग पाठवला, तर त्याने कळवले, मुलांना झेपणार नाही. शाळेत त्यांचा सत्कार झाला. नारळ आणि शाल द्यायला रामरावशेटच आले होते. "बाईंनी आपला ओढा अमर केला," असे ते भाषणात म्हणाले.

आणि मग दर वर्षी तो धडा शिकवायची पाळी त्यांच्यावरच आली. 'आमच्या ओढ्याचे पाणी निर्मळ आहे.' बाई एक वाक्य म्हणत, पोरे मागून सुरात म्हणत. शाळेची तीच रीत होती. खिडकी उघडी असली की दुपारच्या पाळीनंतर गिरणीकडून उग्र वास येई. मग त्या खिडकी लावून घेत.

त्या वर्षी तपासणीला आलेले साहेब नेमके त्या धड्यावर थांबले. दारात हेडमास्तर हात बांधून उभे होते.

"सांगा बरं, ओढ्याचं पाणी कसं आहे?"

"निर्मळ!" सगळा वर्ग ओरडला.

"काळं हाय," मागून एक आवाज आला. ती ताहेरा होती, मोमीनपुऱ्यातल्या बद्रुद्दीन विणकराची मुलगी. मोमीनपुरा गिरणीच्या खालच्या अंगाला होता. तिथल्या बाया आणि पोरी सूत त्याच ओढ्यात धूत.

पोरे फिदीफिदी हसली. साहेबही हसले. "पुस्तकात काय लिहिलंय, बाळ?"

"पुस्तकात निर्मळ हाय जी. ओढ्यात काळं हाय."

साहेब जनकाबाईंकडे वळले. "धडा तुमचाच ना बाई? मग तुम्हीच सांगा तिला, बरोबर काय ते."

हेडमास्तर दारातून डोळ्यांनी विनवत होते. शाळेच्या नव्या खोलीसाठी गिरणीकडून छपराचे पत्रे यायचे होते. जनकाबाईंनी पुस्तक मिटले, टेबलावर ठेवले आणि खिडकी उघडली.

"गिरणीच्या भिंतीला एक मोरी आहे," त्या म्हणाल्या.

"गिरणीच्या भिंतीला एक मोरी आहे," पोरे सवयीने मागून म्हणाली.

"तिच्यातून काळे, गरम पाणी सुटते."

"तिच्यातून काळे, गरम पाणी सुटते."

"बाई, हे धड्यात कुठं आहे?" साहेबांनी पुस्तक चाळत विचारले. हेडमास्तर पुढे होऊन म्हणाले, "साहेब, चहा निवून राह्यला." दोघे निघून गेले. जाताना साहेबांनी वहीत काहीतरी टिपले. जूनमध्ये बाईंची बदली डोंगराकडच्या एका खेड्यात झाली, आणि 'पूर्णाकाठ'नेही त्यांचा मजकूर घेणे बंद केले. पण ते पुढचे. त्या दुपारी त्या थांबल्या नाहीत. नऊ वर्षांपूर्वी हबीबने मोडलेली प्रत्येक ओळ त्यांना पाठ होती.

"मोरीखाली मासा राहत नाही."

"मोरीखाली मासा राहत नाही."

"तिथे सूत धुणाऱ्या बायांच्या हातांची साल निघते."

पोरे पाढे म्हणावेत तसे डुलत, मोठ्याने म्हणत होती. त्यांना तो नेहमीसारखाच धडा वाटत होता. ताहेरा तेवढी म्हणत नव्हती. ती दोन्ही हात ओढणीखाली घेऊन बाईंकडे बघत बसली होती.