निळा पाय, पांढरा पाय

"शिडी बाहेर गेलीय," लाइनमन म्हणाला.

आता खोटंच बोलायचं तर माणसानं आधी मागे वळून तरी बघावं! शिडी त्याच्या मागेच होती. आतल्या भिंतीला उभी केलेली, ॲल्युमिनियमची, नऊ फुटी. दार अर्धं उघडलं तरी तिचे खालचे दोन पाय दिसायचेच. घसरू नये म्हणून त्या पायांना त्यानं जुन्या चपलांचे तळ कापून बसवले होते, एक निळा आणि एक पांढरा. अख्ख्या इमारतीत असले पाय दुसऱ्या कशाला नव्हते.

दारात शिवणताई उभी होती. तिची नजर खाली गेली, निळ्यावर थांबली, पांढऱ्यावर थांबली आणि परत वर आली.

"बरं," ती म्हणाली. "आली की सांगा. मशीनच्या डोक्यावरचा दिवा गेलाय, दुसरं काही नाही."

मग तिनं हातातली घडी पुढे केली. "आणि ही तुमची पँट. दोन बोटं कमी केलीय. घालून बघा."

लाइनमननं पँट घेतली. नको म्हणाला नाही, नंतर द्या म्हणाला नाही. दोन्ही हातांनी घेतली आणि दार लावलं.

माणूस तसा वाईट नव्हता हो. तीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर चढउतार केली, पण कुणाचं वाईट चिंतलं नाही. निवृत्तीच्या दिवशी बाकीच्यांनी भिंतीवरची घड्याळं घेतली. ह्यानं साहेबांना विचारलं, "मला माझी शिडी न्यायला मिळेल का?" सगळे पोट धरून हसले, पण साहेबांनी दिली. ती खांद्यावर टाकून तो भर रस्त्यातून चालत घरी आला, तेव्हा बायकोनं दारातच कपाळावर हात मारून घेतला होता.

पण त्याच शिडीनं त्याला सावरलं. चार मजल्यांची इमारत, चोवीस घरं आणि शिडी एकच. तसं प्रत्येक घरात दुसऱ्याच्या उपयोगाचं काहीतरी असायचंच. सायकलवाल्याकडे हवेचा पंप, पोस्टातल्या बाईकडे पन्नास माणसांचं पातेलं, कंपाउंडरकडे मलमपट्टी आणि नको तितके सल्ले. तिसऱ्या मजल्यावर, लाइनमनच्या बरोबर डोक्यावर, शिवणताईची मशीन. तिला शिडी लागली की ह्यानं द्यायची, ह्याची शिवण उसवली की तिनं घालायची. कुणी कुणाला नाही म्हणत नसे. नोकरी सुटल्यावर लाइनमनच्या दाराची कडी वाजायची ती त्या शिडीसाठीच, आणि कडी वाजली की त्याची छाती दोन इंच फुगायची.

शिडी देताना तो प्रवचन मात्र द्यायचा. "ओल्या फरशीवर लावायची नाही. वरून तिसऱ्या पायरीच्या वर पाय टाकायचा नाही. खाली एक माणूस धरायला पाहिजे म्हणजे पाहिजेच. आणि संध्याकाळच्या आत परत." चार दिवसांपूर्वी कंपाउंडरला त्यानं हेच सगळं जिन्यात उभं राहून ऐकवलं होतं. आजूबाजूला पाचसात माणसं होती. कापडाची पिशवी घेऊन शिवणताई वर चढत होती, ती थांबली आणि म्हणाली, "अहो भाऊ, शिडी देताय की लेक देताय?"

हशा पिकला. कंपाउंडर तर भिंतीला टेकून हसला. लाइनमनही हसला असता कदाचित, पण त्याची बायको सगळ्यात मोठ्यानं हसली आणि ते त्याच्या जिव्हारी लागलं. त्या दिवसापासून जो तो कडी वाजवून विचारू लागला, "काका, लेक आहे का घरात?" तो दात काढून शिडी द्यायचा आणि आतल्या आत धुमसायचा. साधी गोष्ट, पण आयुष्यभर कुणी फारसं विचारलं नाही अशा माणसाला ती साधी वाटत नाही. एकदा तरी हिला हात हलवत परत पाठवायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. एकदाच.

ती गेल्यावर त्यानं पँट घालून आरशात पाहिलं. लांबी अगदी बेताची झाली होती. आत वाकून बघितलं तर टाका दिसतसुद्धा नव्हता. घरात कोणी नव्हतं, बायको बाजारात गेली होती. 'जाऊ दे, संध्याकाळी देऊन येऊ शिडी,' असं तो मनात म्हणतोय, तोच वर काहीतरी धाडकन पडलं. आधी लाकूड आपटल्याचा आवाज, मग दुसरा, मऊ आवाज.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. काय झालं ते लाइनमनला त्याच क्षणी कळलं. पण तो हलला नाही. वर पळापळ झाली, कुणीतरी कंपाउंडरला हाका मारल्या, जिन्यावरून पावलं धडधडत उतरली. त्याची बायको बाजारातून आली ती पिशव्या खालीच टाकून परस्पर वर धावली. हा मात्र नवीन पँट घालून आरशासमोर उभा.

शिवणताई टेबलावर स्टूल ठेवून चढली होती. स्टूल निसटलं. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं.

तीन दिवसांनी शस्त्रक्रिया होऊन ती घरी आली. लाइनमनची बायको दोन्ही वेळचं जेवण वर पोचवू लागली. एका दुपारी ती खाली आली आणि नवऱ्याला वाढता वाढता म्हणाली, "हट्टी आहे हो बाई. मी तोंडावर म्हटलं तिला. म्हटलं, खालीच तर राहतो आम्ही, एक हाक मारली असती तर आमच्या ह्यांनी शिडी आणून दिवासुद्धा लावून दिला असता. कमीपणा वाटला का मागायला?"

लाइनमनचा घास तोंडातच राहिला. "मग? काय म्हणाली?"

"काय म्हणणार! म्हणाली, सुचलंच नाही वहिनी."

"एवढंच?"

"एवढंच. मग हसवत बसली मला. म्हणते, हात ऐंशी टक्के बरा होईल म्हणे डॉक्टर, उरलेले वीस टक्के कुठं ठेवू ते विचारायचं राहिलं. अहो, जेवा ना. आणि आज तो दिवा लावून या तिचा. ती तपासणीला गेलीय, किल्ली माझ्याकडे आहे."

तो शिडी घेऊन वर गेला. खोलीत मशीनवर कापड झाकलेलं होतं. भिंतीशी लोकांच्या कपड्यांचा ढीग होता, प्रत्येक कपड्याला टाचणीनं कागदाचा कपटा लावलेला. कोपऱ्यात तीन पायांवर उभं राहिलेलं स्टूल होतं. शिडी धरायला खाली कुणी नव्हतं. दिवा लावून तो उतरला, बटण दाबलं आणि उजेड पडला तो नेमका ढिगावरच्या कपट्यांवर पडला. एकावर त्याचं नाव होतं. बाही फाटलेला शर्ट त्यानंच महिन्यापूर्वी दिलेला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि तो कुलूप लावून खाली पळाला.

तेव्हाच जाऊन सांगितलं असतं तर गोष्ट तिथंच संपली असती. पण माणसाची जीभ नको तिथं सैल सुटते आणि हवी तिथं टाळ्याला चिकटते.

आठवड्याभरानं खाली पत्रांच्या पेट्यांपाशी चारपाच जणं उभी होती. विषय शिवणताईचाच. पोस्टातली बाई म्हणाली, "एकट्या बाईला अभिमान असतो हो. पण इतका?" सायकलवाला म्हणाला, "शिडीवाल्याच्या डोक्यावर राहते आणि स्टुलावर चढते. काय म्हणायचं आता?" आणि सगळ्यांनी लाइनमनकडे पाहिलं. गप्प बसला असता तरी चाललं असतं. मान हलवली असती तरी भागलं असतं.

"मी कधी कुणाला नाही म्हटलंय का?" लाइनमन म्हणाला. "विचारायला नको का माणसानं?"

बोलून झाल्यावर त्याला दिसलं की सगळे त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघतायत. मागे जिन्याच्या शेवटच्या पायरीवर शिवणताई उभी होती. हात गळ्यात बांधलेला, डाव्या हातात औषधांची चिठ्ठी.

तिनं लाइनमनकडे पाहिलं. आता ही बोलणार, चारचौघांत माझी लाज जाणार, आणि जाऊ दे एकदाची, असंही त्याला वाटून गेलं.

"हो ना," ती म्हणाली. "चुकलंच माझं. विचारायला हवं होतं." आणि वाट काढत निघून गेली.

त्या रात्री त्याला झोप लागली नाही. सकाळी बायको उठायच्या आत तो तिसऱ्या मजल्यावर गेला. शिवणताईनं दार उघडलं. डाव्या हातानं केस विंचरायचा प्रयत्न चालला होता, कंगवा तसाच केसांत अडकलेला.

"ताई, त्या दिवशी शिडी..."

"घरात होती," ती म्हणाली. "निळा पाय, पांढरा पाय. चाळीस वर्षं सुईत दोरा ओवतेय मी, भाऊ. मला दिसतं."

"मग तुम्ही कुणाला बोलला का नाहीत?"

"काय बोलू? शिडी तुमची, द्यायची की नाही ती तुमची मर्जी. स्टुलावर मी माझ्या पायांनी चढले. चार घरं सोडून कुणाकडे टेबल धरायला माणूस मागितला असता, तर तोही मिळाला असता. तेवढं माझंही चुकलं." कंगवा ओढून काढताना तिचे डोळे भरून आले, की आधीच भरले होते कोण जाणे. "पण काल खाली जे बोललात ना, ते नको होतं. हात मोडला तेव्हा मी रडले नाही. काल वर येऊन रडले."

लाइनमन हात जोडून उभा राहिला. "माफ करा ताई. मी नीच माणूस आहे."

"मला कशाला सांगताय? मला तर माहीतच होतं," ती म्हणाली. "ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा." आणि तिनं दार लावलं. आपटलं नाही, हलकेच लावलं.

हे सोपं नव्हतं. दोन दिवस तो तोंड लपवून घरात बसला. त्या शिडीपलीकडे त्याच्याकडे होतं काय? लोक काका म्हणतात, कडी वाजवतात, वाट बघून थांबतात, एवढीच काय ती मिळकत. ती आपल्याच हातानं उधळायची होती. रविवारी पाण्याची टाकी धुवायला सगळे पुरुष जमले आणि कंपाउंडरनं दारात येऊन नेहमीसारखी आरोळी ठोकली, "काका, लेक आहे का घरात?"

लाइनमन शिडी घेऊन बाहेर आला. जिन्यात आठदहा माणसं होती, बायकोही हात पुसत दाराशी आली होती.

"त्या दिवशीही होती," तो म्हणाला.

"काय होती?"

"शिडी. घरातच होती. शिवणताई मागायला आली होती. मी बाहेर गेलीय म्हटलं."

कंपाउंडर हसला. त्याला वाटलं, काका गंमत करतायत.

"ती गंमत केली होती ना तिनं, लेकीची," लाइनमन म्हणाला. "त्याचा राग होता. म्हणून दिली नाही. तिनं विचारलं होतं. पेट्यांपाशी मी खोटं बोललो."

मग कुणी हसलं नाही. सायकलवाल्यानं खाली बघत शिडी उचलली. प्रवचन ऐकायला कुणी थांबलं नाही आणि लाइनमननंही ते दिलं नाही. बायको केव्हा आत गेली ते त्याला कळलं नाही. दुपारी तिनं ताट वाढलं आणि समोर न बसता खिडकीशी जाऊन उभी राहिली.

"मी तिला तिच्या तोंडावर हट्टी म्हटलं," एवढंच ती म्हणाली. पुढे दोन दिवस तिनं त्याच्याशी शब्द काढला नाही.

टाकी धुऊन शिडी परत आली, तशी लाइनमननं ती घरात घेतलीच नाही. बाहेर जिन्यात दोन खिळे ठोकून अडकवून ठेवली. कुणीही न्या, कुणाला विचारायला नको. पण पंधरा दिवस कुणी नेली नाही. तो आतून कानोसा घ्यायचा. लोक तिच्या बाजूनं जायचे यायचे. कंपाउंडरनं पंखा पुसायला पलीकडच्या इमारतीतून चढायचा लाकडी घोडा आणला, तेही त्यानं दाराच्या फटीतून पाहिलं. शिडीवर धूळ बसली. दाराची कडी गप्पच होती.

मग एका दुपारी ती वाजली.

दारात शिवणताई होती. प्लॅस्टर निघालं होतं, मनगट बारीक आणि पांढुरकं दिसत होतं. हातावर त्याचा शर्ट होता. बाहीवरचा टाका जाडाभरडा, वाकडातिकडा, ठळक दिसणारा. शिडी तिच्या पाठीमागेच भिंतीवर होती. हात लांब केला असता तर लागली असती.

"शिडी आहे का घरात?" तिनं विचारलं. "माळ्यावरची पेटी काढायचीय."

तिनं 'लेक' म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं लाइनमनला वाटलं. पण ती तसं म्हणाली नाही, आणि पुढेही कधी म्हणाली नाही.

"आहे," तो म्हणाला. "चला. मी चढतो."

"मी चढते," शिवणताई म्हणाली. "तुम्ही खाली धरा."

त्यानं शर्ट घेतला, शिडी खांद्यावर टाकली आणि मान खाली घालून तिच्या मागून जिना चढू लागला.