किटलीचा कप्पा

मिस्त्रींनी पंपाचा शेवटचा बोल्ट सोडवला आणि झाकण उचलण्याआधी हात पुसले. समोरच्या स्टुलावर त्यांची लेक फोन मुठीत धरून बसली होती. तिचा सगळा जीव त्या झाकणाखाली अडकला होता.

स्वतःचं फिजिओथेरपीचं छोटंसं क्लिनिक काढायचं म्हणून तिने सहा वर्षं पै-पै जमवली होती आणि त्यातली निम्मी पुंजी वडिलांच्या शब्दावर याच पंपकंपनीच्या शेअर्समध्ये घातली होती. गेल्या चार महिन्यांत भाव निम्म्यावर आला. टीव्हीवरचे तज्ज्ञ हात धुऊन कंपनीच्या मागे लागले, रुग्णालयातल्या मैत्रिणी तर कधीच विकून मोकळ्या झाल्या. उरलंसुरलं तरी पदरात पाडून घेऊ का, एवढंच विचारायला ती दुपारच्या सुट्टीत दुकानात आली होती. आणि नेमका त्याच वेळी कोपऱ्यावरचा लाँड्रीवाला त्याच कंपनीचा गळका पंप घेऊन दारात उभा राहिला.

दुकानाच्या मागच्या भिंतीला लाकडी मांडणी होती. प्रत्येक कप्प्यावर एकेका कंपनीचं नाव रंगवलेलं आणि दुरुस्तीला आलेले पंप आपापल्या कप्प्यात दाटीवाटीने बसलेले. या कंपनीच्या कप्प्यात मात्र वर्षानुवर्षं चहाची किटली असायची. मिस्त्रींच्या हातातलं काम संपेपर्यंत पंप तिथे ठेवायचा म्हणून मघाशी लेकीनेच किटली उचलून खिडकीत ठेवली होती, आणि ठेवताना तिचा चेहरा पडला होता.

झाकण निघालं. मिस्त्रींनी वाइंडिंग पाहिलं, शाफ्ट फिरवून कान लावला. मग बाजूची पाटी फडक्याने घासून लेकीपुढे धरली. तिच्यावर पंप बनवल्याचं साल होतं. त्या साली लेक तिसरीत होती.

“रबराचं सील गेलंय. बाकी ठणठणीत आहे.”

लाँड्रीवाला हसला. असे पंप निघायला लागले तर मिस्त्री खाणार काय, असं त्याने विचारलं.

“माझ्या पोटावर पाय दिलाय यांनी,” मिस्त्री खुशीत म्हणाले. “म्हणून तर पैसे यांच्याकडे ठेवलेत.”

लेकीलाही हसू आलं, पण फोन काही खाली गेला नाही. एका जुन्या पंपावरून काय कळणार, ती म्हणाली. ते मिस्त्रींना पटलं.

“एकावरून काहीच कळत नाही. पण गेल्या वर्षभरात यांचे चाळीस नवे पंप मीच बसवलेत. त्यातला एक तरी परत आलाय का, बघ. भाव रोज बदलतो, पोरी. मी कप्पा बघतो. किटलीला तिथे जागा उरली नाही, की मीच तुला फोन करीन, विक म्हणून.”

“आणि तोवर?”

“तोवर चहा पी.”

नवं सील बसलं. बादलीत नळी सोडून पंप चालवून पाहिला, एक थेंबही गळला नाही. लाँड्रीवाला तो खांद्यावर टाकून निघून गेला.

लेकीने फोन पर्समध्ये टाकला. खिडकीतल्या किटलीतून दोघांना चहा ओतला. मग कप्प्यातलं ग्रीस नीट पुसून काढलं आणि किटली परत तिच्या जागी ठेवली.