काकांच्या पलंगाखालचा दांडा

मी हातपंपाचा दांडा बोलतोय. पंप नव्हे, नुसता दांडा. पंप अंगणात उभा असतो, त्याला सगळे ओळखतात. मी मात्र दोन वर्षं एका पलंगाखाली काढली.

मला पलीकडच्या गल्लीतल्या वेल्डरने घडवलं. तेव्हा आमच्या इमारतीत सगळ्यांना एकच घोर लागला होता. उद्या वीज गेली, दुकानं बंद पडली, नळ आटले आणि मदतीला कुणीच आलं नाही, तर? म्हणून गच्चीवर भाज्या लावल्या, जिन्याखाली धान्याची पिंपं भरली. शिंपीणताईंनी सगळ्यांना जखम बांधायला शिकवलं. आणि अंगणात हातपंप बसला.

या साऱ्याचे पुढारी निवृत्त बसड्रायव्हर. सगळे त्यांना ड्रायव्हरकाका म्हणत. माणूस कामाचा, पण महासंशयी. वेल्डर मला बसवून गेला आणि काकांनी लगेच पाना आणून मला काढलं.

"दांडा माझ्याकडे राहील. नाहीतर पलीकडची गल्ली बादल्या घेऊन हजर!"

"अहो, त्यांच्याच माणसाने बनवलाय तो," शिंपीणताई म्हणाल्या.

"म्हणूनच!"

काकांच्या सहवासात मलाही तीच खोड लागली. जिन्यात पाऊल वाजलं की वाटायचं, आला कुणीतरी मला पळवायला. दूधवाला दारात जरा रेंगाळला तरी आम्ही दोघं कान टवकारायचो.

आणि एका सकाळी खरंच नळ कोरडे पडले. मोठी जलवाहिनी फुटली, असं लोक म्हणत होते. काकांचा विश्वास बसेना. "सुरुवात झाली," असं पुटपुटत ते दाराची वरची कडी लावायला स्टुलावर चढले. कडी लागली, पण स्टूल सरकलं. काका धाडकन पडले. पाय मुडपला तो मुडपलाच.

थोड्या वेळाने दार वाजलं. "काका, दांडा द्या हो!"

मला वाटलं, आता हाक मारतील. पण काकांनी तोंडावर हात दाबून धरला. आपण पडलोय हे कळलं तर लोक सगळंच नेतील, अशी त्यांना भीती. मीही मनात म्हटलं, बरं केलंत.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना हाक मारावीशी वाटली, तेव्हा घशातून आवाजच फुटेना. बाहेर कुणीतरी ओरडलं, "म्हातारा दांडा घेऊन पळाला!"

"अनवाणी पळाले?" शिंपीणताईंचा आवाज आला. "चपला तर इथेच आहेत. वेल्डरला बोलवा."

दार तुटलं. ताईंनी काकांचं डोकं मांडीवर घेतलं, ओठांना पेला लावला.

"पाणी... कुठलं?" काकांनी कसंबसं विचारलं.

"पलीकडच्या गल्लीतलं. कालपासून आपण सगळे त्यांच्याच विहिरीचं पितोय."

काका पेल्याकडे बघत राहिले. मग घटाघटा प्यायले. आणि वेल्डरकडे न बघताच म्हणाले, "पलंगाखाली आहे. घेऊन जा."

आता मी पंपावर पक्का बसलोय. दोन्ही गल्ल्यांचे हात मला लागतात. काका काठी टेकत अंगणात येतात, नवा चेहरा दिसला की डोळे बारीक करतात. खोटं कशाला बोलू, अनोळखी हात लागला की मीही अजून जरा करकरतो. जुनी खोड अशी दोन दिवसांत जात नाही.

तुम्हीही वाईट दिवसांची तयारी करत असाल, तर जरूर करा. धान्य भरा, भाज्या लावा. फक्त पंपाचा दांडा पंपालाच असू द्या.