चंद्रावतीचा फोन आणि मूठभर पीठ

त्या रविवारी जोहे गावची चंद्रावती अष्टमी गावात महिपतीच्या ओटीवर अगदी नटूनथटून बसली होती. मोरपिशी साडी, कानांत कुड्या, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि तोंड असं घासून धुतलेलं की नाकाचा शेंडा चमकत होता. समोर वरच्या आळीच्या गणेश मंडळाची दोन माणसं, मध्ये चहाचे कप, आणि भिंतीला टेकवून ठेवलेला मंडळाचा सागवानी पाट. चंद्रावतीचा सगळा जीव त्या पाटात अडकला होता.

आमच्याकडे गणपती सांगायचा म्हणजे आपला पाट मूर्तिकाराच्या घरी नेऊन द्यायचा. ज्याच्या घरी पाट गेला, गणपती त्याच्या हातचा. वरच्या आळीचा पाट गेली बारा वर्षं जोह्याला गुणाजीशेठच्या कारखान्यात जात होता. त्या कारखान्यात चंद्रावती आखणी करायची, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायची. पण पाटीवर नाव गुणाजीशेठचं, आणि गिऱ्हाईक आलं की कानावर कुंचला खोचून पुढे व्हायचा तोही गुणाजीशेठच.

यंदा मंडळाने ठरवलं की मूर्ती शाडूचीच हवी. गुणाजीशेठ प्लास्टरशिवाय कशाला हात लावत नाही. इकडे चंद्रावतीने गेल्या पावसाळ्यात कारखान्यातून आल्यावर घरच्या पडवीत बसून शाडूचे सात गणपती घडवले होते. पायाच्या अंगठ्यापासून मुकुटाच्या टोकापर्यंत सगळं तिच्या एकटीच्या हातचं. ते सातही नात्यागोत्यांत गेले आणि वेळ झाल्यावर सातही पाण्यात विरघळले. मागे उरले ते फक्त फोटो, आणि फोटो फोनमध्ये.

“दाखवा की काकी,” मंडळाचा अध्यक्ष महिपती म्हणाला. “सकाळी हमरापूरचा एक कारखानदार येऊन गेला. हे बघा, मूर्तींच्या फोटोंचं केवढं पुस्तक ठेवून गेलाय. पण तुम्ही आळीला जुन्या माहीत. बघितल्याबिगर ठरवायचं नाय, असं म्हटलं आम्ही.”

चंद्रावतीने त्या गुळगुळीत पुस्तकाकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने पिशवीतून फोन काढला, तोंडासमोर धरला आणि हसली. फोन थरथरला आणि बंदच राहिला. तिने पुन्हा धरला. पुन्हा थरथर. ‘चेहरा जुळत नाही,’ असं त्याने लिहून दाखवलं.

“माझा चेहरा नाय तर काय तुझ्या आजीचा?” चंद्रावती फोनला म्हणाली.

“बंद करून चालू करा,” बाबाजी म्हणाला. हा मंडळाचा खजिनदार. घरात काहीही बिघडलं की त्याचं औषध एकच. फ्रिज, पाण्याचा पंप, टीव्हीचा डबा, सगळ्यांना त्याने याच मात्रेवर जगवलं होतं. भांडून गप्प बसलेल्या मेव्हण्याला काय करावं, असं बायकोने विचारलं तेव्हाही त्याच्या तोंडून हेच निघालं होतं म्हणतात.

“थांब रे,” महिपती म्हणाला. “काकी, अंगठा लावून बघा.”

चंद्रावतीने अंगठा पुढे केला. तीस वर्षं मूर्तींना पॉलिश पेपर घासून घासून त्या अंगठ्यावर एक रेघ शिल्लक नव्हती. तो अंगठा रेशनच्या दुकानातलं यंत्र ओळखत नाही, तिथे हा फोन कुठला ओळखायला!

“मग नंबर टाका. चार आकडी असतो बघा.”

इथे चंद्रावतीचा चेहरा पडला. गेल्या जूनमध्ये, पावसाळ्याच्या तोंडी, पेणच्या एस्टी स्टँडजवळचा मोबाईलवाला काळुराम फोन द्यायला थेट कारखान्यात आला होता. त्याने नंबर घालून दिला आणि बजावलं, काकी, हा कुठंतरी लिहून ठेवा. आता जोह्यात लक्षात ठेवायच्या गोष्टी लिहायची एकच जागा. गिऱ्हाइकाचं नाव, गाव, न्यायचा दिवस, सगळं पेन्सिलीने मूर्तीच्या बैठकीखाली लिहितात. चंद्रावतीने कानावरची पेन्सिल काढली, समोरचा गणपती कलता केला आणि त्याच्या बैठकीखाली नंबर लिहून मोकळी झाली. तो गणपती जुलैमध्ये सुरतेला गेला.

“म्हणजे नंबर आता कुणाला ठाऊक?” बाबाजीने विचारलं.

“गणपतीला.”

ओटीवर हशा पिकला. महिपतीची म्हातारी आई धोंडुबाई तेवढी हसली नाही. ती कोपऱ्यात पाटाशेजारी बसून होती. मंडळ तिच्या नवऱ्याने काढलेलं, पाट त्याने करून घेतलेला, त्यामुळे शेवटचा शब्द तिचाच असायचा. चंद्रावतीही हसली, पण वरवर. तीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिला तिच्या नावाने बोलावलं होतं, आणि ती इथे रिकाम्या हाताने बसली होती.

“या मंडळाच्या मूर्तीचे डोळे बारा वर्षं मीच काढत आले,” तिने सांगून पाहिलं.

महिपती अवघडला. “काकी, तुम्ही खोटं बोलता असं नाय. पण गुणाजीशेठपण हेच सांगतात, डोळे मीच काढतो म्हणून. आम्ही कुणाचं धरायचं?”

चंद्रावतीने पदराने फोनची काच पुसली. तिने तिसऱ्यांदा फोन तोंडासमोर धरला, या वेळी मान वाकडी करून. फोनने मान्य केलं नाही. मग बाबाजीने तिला दाराच्या उजेडात नेऊन उभं केलं आणि चौथा प्रयत्न झाला. तोही फुकट. बाबाजीचं बोट हळूच बाजूच्या बटणाकडे सरकायला लागलं.

फोनच्या कव्हरवर मागे काळुरामच्या दुकानाचा फोन नंबर छापलेली चिकटपट्टी होती. महिपतीने आपल्या फोनवरून तो नंबर लावला आणि आवाज मोठा केला.

“काळुराम मोबाईल, बोला!” मागे पेणच्या स्टँडवरचे हॉर्न वाजत होते.

महिपतीने सगळं सांगितलं. काळुराम एकदम ओरडला, “बंद करून चालू करू नका! कुणी करत असलं तर त्याचा हात धरा! एकदा बंद केला की तो नंबरच मागतो, चेहऱ्याकडे बघत नाय.”

बाबाजीने दोन्ही हात मांडीखाली घातले.

“किती वेळा चेहरा दाखवला?”

“चार.”

“पाचदा नाय वळखला की तो चेहरा बघायचंच सोडून देतो. मग सगळं पुसायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं. फोटो जातील. ते कुणाला पाठवलेत का काकी, व्हॉट्सअॅपवर?”

“पाठवायचं शिकायचं राहिलंय रे.”

“मग एकच डाव हाय हातात.” काळुराम म्हणाला. विचार करताना त्याला चहाचा घोट लागायचा, तो त्याने घेतलेला सगळ्यांना ऐकू आला. “काकी, एक सांगा. फोन आजवर कुठंकुठं उघडलाय?”

“कारखान्यात. दिवसाला धा वेळा उघडतो.”

“आणि घरी?”

“घरी नाय उघडत. आमच्याकडे रेंज नसते ना रात्रीची.”

“काकी, रेंजचा आणि कुलपाचा काय संबंध?”

“मला काय ठाऊक? मला वाटायचं, मी दमते तसा तोही दमत असंल.”

“मग घरच्या गणपतींचे फोटो काढलेत कसे?”

“तू सांगितलंस ना, बाजूचं बटण दोनदा दाबायचं. फोटो निघतो. बघायचा झाला तर मी कारखान्यात जाऊन बघते.”

काळुरामने मांडीवर थाप मारल्याचा आवाज आला. “सापडलं! काकी, मी फोन द्यायला आलो त्या दिवशी तुम्ही काय करत होता?”

“घासकाम.”

“तोंडावर काय होतं?”

चंद्रावतीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. प्लास्टरची पांढरी भुकटी! जूनमध्ये कारखान्यात भिंती पांढऱ्या, माणसं पांढरी, कोपऱ्यातलं मांजरसुद्धा पांढरं. त्या पांढऱ्या तोंडाचा फोटो काळुरामने फोनमध्ये घातला होता, आणि फोन बिचारा इमानेइतबारे तीच बाई शोधत बसला होता. ही कुड्या घातलेली, कुंकू लावलेली चमकत्या नाकाची पाहुणी कोण, हे त्याला कळायचं कारणच नव्हतं.

“विमलबाई!” महिपतीची बायको आत होती तिला चंद्रावतीने हाक मारली. “तांदळाचं पीठ हाय का गो घरात?”

पीठ नाही असं अष्टमीत कुठलं घर असणार? विमलबाईने परातच आणली. चंद्रावतीने कुड्या काढल्या, कुंकू पुसलं, महिपतीच्या खांद्यावरचा पंचा ओढून कारखान्यातल्यासारखा भुवयांपर्यंत घट्ट बांधला आणि मूठभर पीठ तोंडावर चोपडलं. पिठाचा लोट उठला, बाबाजी शिंकला. विमलबाई पदर तोंडात कोंबून भिंतीकडे वळली. महिपती अध्यक्ष असल्यामुळे हसायचं नाही असं ठरवून बसला होता, पण त्याचे खांदे त्याचं ऐकेनात.

“भुवयांवर जास्ती लावा!” काळुराम पेणहून ओरडत होता. “पापण्या विसरू नका!”

“नाक राहिलं,” बाबाजी म्हणाला आणि स्वतःच चिमूटभर पीठ घेऊन पुढे आला. मघापासून त्याला काहीतरी करायचंच होतं.

आता फक्त फोन धरायचा उरला. पण चंद्रावतीला हसू आवरेना. ती फोन वर उचलायची, काळ्या काचेत तिला स्वतःचं ते रूप दिसायचं, आणि ओठ फाकायचे. मग घाईने फोन पालथा. तिचं बघून विमलबाई हसायची, विमलबाईचं ऐकून महिपती फुटायचा.

“काकी, हसू नका!” काळुराम काकुळतीला आला. “एकच डाव हाय! त्या दिवशी तुम्ही हसत नव्हता, मला चांगलं आठवतंय. मी म्हटलं जरा हसा, तर माझ्यावरच डाफरला होता.”

“मी? तुझ्यावर?”

“व्हय. कशावरून तरी घुश्शात होता.”

कशावरून? चंद्रावतीने डोळे मिटले. जूनचा तो दिवस आठवायला तिला फार लांब जावं लागलं नाही. मुंबईचं एक कुटुंब मूर्ती बघायला आलं होतं. त्यांची म्हातारी एका गणपतीसमोर हात जोडून उभी राहिली आणि म्हणाली, काय हो बोलके डोळे, कुणी काढले? चंद्रावती त्याच मूर्तीमागे बसून घासत होती. ती उठायच्या आत गुणाजीशेठ पुढे झाला, कानावरच्या कुंचल्याला हात लावला आणि म्हणाला, ते काम मी दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाही. चंद्रावती पुन्हा खाली बसली. म्हातारीने तिच्याकडे पाहिलं, पण भुकटीने पांढरी झालेली एक मजूर बाई, यापलीकडे तिला काय दिसणार होतं?

चंद्रावतीचं हसू गेलं. पिठाखाली तिचे ओठ आपोआप घट्ट मिटले, भुवया जवळ आल्या. तिने डोळे उघडले आणि फोन समोर धरला.

टक्, असा बारीक आवाज झाला आणि फोन उघडला.

ओटीवर असा आरडाओरडा झाला की शेजारची माणसं कोण गेलं म्हणून धावत आली. बाबाजीने महिपतीला मिठी मारली. काळुराम “उघडला? उघडला का? सांगा तरी!” असं ओरडत राहिला आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. चंद्रावतीने फोटो उघडले. एकापाठोपाठ एक, पडवीतले सात गणपती. मागे कुठे बादली, कुठे वाळत घातलेला परकर, पण पुढे शाडूचा तो तुकतुकीत राखाडी गणपती, आणि पुढच्या फोटोत रंगवलेला.

महिपतीने पाहिलं, बाबाजीने पाहिलं. मूर्ती चांगल्या आहेत, सुबक आहेत, असं दोघे म्हणाले. महिपतीची नजर एकदा हमरापूरच्या पुस्तकाकडे गेलीच.

“हिकडं आण,” धोंडुबाई म्हणाली.

म्हातारीने फोन नाकाजवळ धरला. विमलबाईने बोटांनी फोटो मोठा करून दिला. गणपतीचे फक्त डोळे काचभर झाले. धोंडुबाई बराच वेळ बघत राहिली. मग तिने दुसरा फोटो मागितला, तिसरा मागितला.

“हा आमचाच,” ती म्हणाली.

“नाय आई, ह्यो त्यांच्या घरचा,” महिपती म्हणाला.

“तू गप. डाव्या डोळ्याची कड बघ, जरा जास्ती खाली उतरलीय. माझ्याकडं कलून ऐकतोय असं वाटतं. बारा वर्षं मी त्या डोळ्यांसमोर बसतेय. तुझा बाप गेला त्या साली मी त्या डोळ्यांशी काय काय बोललेय ते तुला ठाऊक हाय? मी वळखणार नाय तर कोण वळखणार?” तिने मान वर करून चंद्रावतीकडे पाहिलं. “म्हणजे ती तू व्हय गो?”

चंद्रावतीने मान हलवली. तिला हसूही येत होतं आणि रडूही येत होतं, आणि दोन्ही एकदमच आलं. डोळ्यांतलं पाणी पिठातून ओघळलं, गालांवर दोन ओल्या वाटा पडल्या, हनुवटीला पिठाचा लगदा झाला.

तेवढ्यात फोन विझला. बाबाजीने लगबगीने तो तिच्या तोंडासमोर धरला. फोन थरथरला.

“काय झालं? कुणी रडतंय का तिकडं?” काळुराम पेणहून किंचाळला. “काकी, रडू नका! पीठ भिजलं तर तो परत वळखायचा नाय!”

“नाय वळखला तर नाय,” धोंडुबाई म्हणाली. “आम्ही वळखली.”

तिने भिंतीचा पाट दोन्ही हातांनी ओढला, पदराने एकदा पुसला आणि चंद्रावतीच्या मांडीवर ठेवला.