नव्वद फुटांचा मी तीस फुटांचा झालो

मित्रांनो, राहात्याच्या पुढे फिलिप सरांच्या अंगणात जो बुटका लोखंडी टॉवर दिसतो ना, तो मी. आज माझी उंची तीस फूट. पूर्वी मी नव्वद फुटांचा होतो!

नगरच्या एका वर्कशॉपमध्ये माझे तुकडे जोडले गेले. सर हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायचे आणि हौसेखातर, रीतसर परवाना काढून, रेडिओवरून दूरदूरच्या माणसांशी बोलायचे. त्यासाठी माझ्या डोक्यावर त्यांनी अँटेना बसवली. एका पावसाळ्यात गोदावरीला पूर आला, फोन बंद पडले. तेव्हा सरांनी रेडिओवरूनच होड्या मागवल्या. गावाने त्यांना हार घातला, तो त्यांनी आणून मला बांधला.

पुढे शिर्डीचा विमानतळ झाला. सरांनी माझ्या शेंड्यावर तांबडा दिवा लावला. "वैमानिकाला आपण दिसलो पाहिजे," ते म्हणाले. रोज दिवेलागणीला ते अंगणात येत, मान वर करून दिवा बघत आणि मगच चहा घेत.

मग सरांचे गुडघे गेले. माझ्या पायऱ्या गंजल्या. गेल्या हिवाळ्यात दिवा बंद पडला. "बघू पुढच्या आठवड्यात," असं सर म्हणता म्हणता तीन आठवडे गेले. एका धुरकट संध्याकाळी एक छोटं विमान फार खालून आलं. मी हाक तरी कशी मारणार? अगदी जवळ आल्यावर ते एकदम वर वळलं. मला चारी बाजूंनी उभं धरणाऱ्या ताणाच्या तारा थरथरल्या.

सरांनी ओट्यावरून ते पाहिलं. सकाळी त्यांनी वेल्डर कानिफनाथला बोलावलं.

"वरचे साठ फूट उतरव."

"आवो सर, दिवा बदलतो की मी! लई सोपं काम हाय."

"आज तू चढशील. दिवा पुन्हा गेला तर? मला आता चढवत नाही. तीस फुटांवर विमान येत नाही, दिव्याची गरजच नको."

मरियमबाई, सरांच्या पत्नी, हळूच म्हणाल्या, "लांबची माणसं तुटतील तुमची."

"तुटू देत," सर म्हणाले. पण माझे तुकडे खाली येईपर्यंत ते घरातून बाहेर आले नाहीत.

आता रेडिओवर सरांना जवळपासचेच आवाज ऐकू येतात. उंची गेल्याचं मला दुःख नाही, मित्रांनो. सलतात त्या दिवा नसलेल्या एकवीस संध्याकाळी. रस्त्याने किती माणसं गेली, पण "सर, दिवा बंद आहे, मी चढू का?" असं विचारायला एकानेही सरांचं दार वाजवलं नाही. तुमच्या गावात असा विझलेला दिवा दिसला, तर तेवढं दार वाजवा.