चौकातला निषेध

‘व्हिडिओ टाकू नगंस, बाई. राग लोकांचा हाय, पण नाव माझ्या पोरीचं फिरंल,’ दूध मापता मापता बाळाबाईंनी सांगितलं होतं. संयोगितानं ते कानाआड केलं. ‘गप्प बसायचे दिवस गेले हो, काकू,’ म्हणत तिनं पातेलं आत नेलं.

बाळाबाईंची मोना पेठेच्या मुलींच्या फुटबॉल संघाची गोलकीपर. आदल्या दिवशी सामना मोबाईलवर थेट दाखवत होते आणि दोघे समालोचक माईकवरच खिदळले होते, ‘गोलात म्हैस बांधलीया की! बॉल जायला जागा कुठं हाय?’ ऐकताना संयोगिताची नजर शेजारी बसलेल्या लेकीकडं गेली. सहा वर्षांची, अंगानं भरलेली, मोनाताईसारखं गोलकीपर व्हायचं म्हणणारी.

तेवढाच तुकडा कापून तिनं टाकला. दुपारपर्यंत तो गावभर झाला, संध्याकाळी समालोचकांनी हात जोडून माफी मागितली. पण आता प्रश्न पेठेच्या इभ्रतीचा होता. तालमीचे सयाजीदादा दारात आले. ‘वहिनी, मोनाचा एक झकास फोटो द्या. असा फलक लावतो, दुनिया बघंल!’

तिनं दिला. लेकीच्या हट्टापायी कधीतरी काढलेला; हातमोजे घातलेला, हसरा.

फलक वीस फुटी निघाला. वर मोना. खाली लाल अक्षरांत ‘आमच्या वाघिणीला म्हैस म्हणणाऱ्यांचा जाहीर निषेध!’ त्याखाली निषेध करणारे चाळीस जण, गॉगलसकट.

दुसऱ्या दिवसापासून आईला मोपेडवर मागं बसवून दूध घालायला येणारी मोना दिसेना. बाळाबाईच किटली घेऊन चालत यायच्या. ‘मोना?’ विचारलं की पहिल्यांदा म्हणाल्या, ‘डोकं दुखतंय.’ मग म्हणाल्या, ‘हाय घरात.’ चौथ्या दिवशी माप ओतून तशाच वळल्या.

त्याच सकाळी शाळेला जाताना लेक चौकात थांबली. नुकतीच वाचायला लागलेली. ‘म्है…स. आई, मोनाताईच्या फोटोखाली म्हैस का लिवलंय?’ आणि थोडं चालून, ‘मला न्हाय व्हायचं गोलकीपर.’

लेकीला शाळेत सोडून संयोगिता तडक तालमीत गेली. ‘सयाजीदादा, फलक उतरवा.’

‘का ओ? आपण पोरीच्याच बाजूनं हाय की!’

‘तिला विचारलं होतं?’

‘तुमी विचारलासा?’ सयाजीदादा तिच्याकडं बघतच राहिले. ‘फोटो तर तुमीच दिला की.’

‘माझंच चुकलं. पण उतरवा,’ ती म्हणाली.

दुपारी फलक उतरला. तिनं व्हिडिओही पुसला, पण तो आता तिचा राहिला नव्हता. मग ती बाळाबाईंच्या घरी गेली. हातमोजे खिळ्याला टांगलेले. आतल्या खोलीतून मोनाचा आवाज आला, ‘आज नको, ताई.’

उद्या ती परत जाणार आहे. परवाही.

तुमच्याही मोबाईलमध्ये तो तुकडा आला असेल, तुम्हीही चिडून पुढं पाठवला असेल. संयोगिताचं तुमच्याकडं एवढंच मागणं आहे: त्या गल्लीतून गेलात तर बाळाबाईंच्या दारात जरा थांबा. फलक, माफी, कसलाच विषय काढू नका. मोना जेवली का, तेवढं विचारा.